थांबायला सांगता, तर थांबण्याचे पैसेही द्या

वाइनच्या द्राक्षाचे पैसे किलोवर मिळतात आणि ते कधी तोडायचं हे वायनरी ठरवते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की भुर्दंड कुणाला बसतो, हे दिंडोरी-निफाडकडच्या कुठल्याही वाइन द्राक्षवाल्याला विचारा. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा म्हणजे आमच्या या हिशेबाचा काळ. बाहेर थंडी उतरणीला लागलेली असते, दुपारी ऊन चटके देतं, पहाटे अजून शाल लागते आणि बागेत साखर चढत असते.

दिंडोरी तालुक्यात आमची साडेतीन एकर वाइनची बाग आहे. दोन एकर शिराझ आणि दीड एकर शेनिन ब्लांक. शेजारच्या तुकड्यात खायच्या द्राक्षाची थॉमसन आहे. यजमान भाजीपाला आणि गाई बघतात, बाग माझ्याकडे आहे. सासरे माळकरी होते. वाइनची बाग लावायची म्हटल्यावर ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, द्राक्ष पिकवणं हे आपलं काम आहे, ते चोख करा. आमच्या घरात वाइन कुणी पीत नाही. पण त्या द्राक्षावर घर चालतं, मुलांची शिक्षणं झाली आणि ते पीक मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्याच्या व्यवहाराबद्दल बोलायचं आहे.

आधी बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. युरोपात द्राक्षाचा वेल हिवाळ्यात झोपतो, त्याची तोडणी पावसाळा-थंडीच्या आधी, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण त्याला वर्षात दोनदा कापतो. एप्रिलच्या खरड छाटणीत काड्या तयार करून घ्यायच्या आणि पाऊस सरता सरता गोडी छाटणी करून फळ धरायचं. म्हणजे मणी फुगतो थंडीत आणि पिकतो कोरड्या हवेत. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच, की काढणी जानेवारीअखेर ते मार्चमध्ये यावी. जगातल्या बहुतेक द्राक्ष मुलखांत त्या वेळी उघड्या काड्यांची छाटणी चाललेली असते, आणि आमच्याकडे क्रेट भरत असतात.

थॉमसनचा माल गोडीला 17-18 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) गेला की व्यापारी बागेत येतो, घड बघतो, सौदा होतो. वाइनचं तसं नाही. शेनिन साधारण 21-22 ला तोडतात आणि शिराझला 23-24 पर्यंत नेतात. शिवाय नुसती साखर बघून चालत नाही. साखर चढते तसा आंबटपणा उतरतो, आणि रात्री उबदार झाल्या की तो झपाट्याने उतरतो. शेनिनमध्ये आंबटपणा गेला तर वाइन बेचव होते, म्हणून पांढऱ्या द्राक्षाला वायनरी सहसा फार थांबवत नाही. खरी ओढाताण होते ती लाल द्राक्षाची. शिराझच्या बिया तपकिरी व्हायला हव्यात, साल चावल्यावर तोंड आखडायला नको, रंग पुरता चढायला हवा.

वायनरीचा फील्ड ऑफिसर आठवड्यातून दोनदा येतो. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, उन्हातले आणि सावलीतले, वरचे आणि खालचे असे शंभर-दीडशे मणी प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करतो, पिशवीतच चुरडतो आणि रसाचा थेंब मीटरवर ठेवतो. मुलगा चांगला आहे, कामात पक्का आहे. "ताई, साडेबावीस आलंय. पाणी तोडा. अजून पाच-सहा दिवस जाऊ द्या." यातले पाच-सहा दिवस बोलायला सोपे आहेत.

शिराझ या जातीचा एक स्वभाव आहे. तो अभ्यासकांनी नोंदवलेला आहे आणि आम्ही डोळ्यांनी बघतो. एका टप्प्यापर्यंत पानातून मण्यात साखर येत राहते. त्यानंतर येणं जवळपास थांबतं आणि मण्यातलं पाणी मात्र उडत राहतं. मणी सैल पडतो, सालीवर बारीक सुरकुती येते. मीटरवरचा आकडा अजून चढतो, पण तो आता साखर वाढल्यामुळे नाही, पाणी कमी झाल्यामुळे. ब्रिक्स 22 वरून 24 वर निव्वळ पाणी उडून गेलं असं धरलं, तर वजनात आठ टक्क्यांहून जास्त घट येते. एकरी पाच टन माल असेल तर चारशे किलोंहून जास्त वजन हवेत जातं. हिशेबापुरता किलोला 40 रुपये भाव धरा. एका एकरामागे 16 हजार रुपये आम्ही सोडून देतो, आणि वाइन चांगली व्हावी म्हणून सोडून देतो. ती वाइन ज्याच्या टाकीत जाते, त्याला रस घट्ट मिळतो, रंग मिळतो, बाटलीवर जास्त किंमत लावता येते. त्या किमतीतून आमच्याकडे काही परत येत नाही.

त्यात विसंगती अशी, की माल कमी धरा असंही वायनरीच सांगते. थॉमसनची बाग एकरी दहा-बारा टन सहज देते. वाइनला पाचच्या आसपास थांबा, नाहीतर चव पातळ होते. बरोबर आहे, मलाही ते पटतं. वाइनच्या बागेला संजीवकात घड बुडवणं नाही, विरळणी नाही, घडाला पेपर लावायचा नाही, त्यामुळे खर्चही कमी लागतो, हेही मान्य. पण कमी पिकवा, पाणी तोडा, सुकू द्या, असं सांगून शेवटी पैसे वजनकाट्यावरच्या आकड्यावर द्यायचे, हा कुठला न्याय? जे मागता त्याचे पैसे द्या. तुम्ही वजन मागत नाही, तर वजनाचे देऊ नका.

वायनरीची बाजू मला माहीत नाही असं नाही. माझा पुतण्या एका वायनरीत टाकीवर काम करतो आणि या दिवसांत तो घरी फक्त झोपायला येतो. पहाटे क्रेट येतात, घड हलत्या पट्ट्यावर निवडतात, देठ वेगळे करणाऱ्या यंत्रात जातात. शेनिन लगेच प्रेसमध्ये जाते. रस थंड टाकीत बसवतात, गाळ खाली बसला की वरचा रस दुसऱ्या टाकीत घेऊन यीस्ट टाकतात आणि दोन-तीन आठवडे 14-16 अंशांवर सावकाश आंबवतात. शिराझ सालीसकट आंबते. साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर कोरडा पडू द्यायचा नाही, म्हणून खालचा रस पंपाने वर घेऊन रात्रंदिवस ठरलेल्या वेळी त्यावर सोडावा लागतो. रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. आठ-दहा दिवसांनी रस उतरवायचा, साली दाबायच्या, टाकी रिकामी करायची. चोथा आत उतरून फावड्याने ओढावा लागतो आणि तिथे आंबण्यातून सुटलेला वायू साठलेला असतो. पंख्याने हवा खेळवल्याशिवाय, बाहेर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय आत कुणी उतरायचं नाही, हा नियम तो घरातही पाठ म्हटल्यासारखा सांगतो. आणि मग धुणं. टाकी धुणं, पाइप धुणं, प्रेस धुणं, फरशी धुणं. "काकू, वाइन बनवणं म्हणजे निम्मं भांडी घासणं आहे," असं तो म्हणतो, आणि त्याचे हात बघितले की ते पटतं.

त्याच्याकडूनच कळलं की आमच्या थांबण्याची सगळी कारणं बागेत नसतात. फेब्रुवारीच्या अखेरीस एकदम ऊन वाढलं की चार गावांच्या बागा एकाच आठवड्यात पिकतात. टाक्या मोजक्या. एक टाकी आठ-दहा दिवस अडकलेली. मग ज्याची साखर आली आहे त्यालाही सांगावं लागतं, दोन दिवस थांबा. टाकी रिकामी नाही म्हणून मी थांबले आणि द्राक्ष कच्चं आहे म्हणून थांबले, या दोन्ही वेळी मला निरोप एकच येतो. पैसेही दोन्ही वेळी माझेच जातात.

या थांबण्याचा फटका शेतकऱ्यापाशी संपत नाही. आमच्याकडे तोडणीला पेठ-सुरगाण्याकडच्या बायका येतात. त्यांच्या गावात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि फेब्रुवारीत हंडा घेऊन खोऱ्यात उतरावं लागतं, म्हणून टोळ्या खाली येतात; गिरणारेच्या नाक्यावर पहाटे उभ्या राहतात किंवा मुकादमाबरोबर बागेतल्या शेडमध्ये महिना-दोन महिने मुक्काम करतात. वाइनची तोडणी पहाटे चारला सुरू करावी लागते. घड थंड असतानाच वायनरीत पोचले पाहिजेत. ऊन लागलं की क्रेटमध्येच मणी आंबायला लागतो. डोक्याला बॅटरी बांधून, कात्री घेऊन, अंधारात ओळीत शिरायचं. आमच्या भागात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे ओळीच्या दोन्ही टोकांना ट्रॅक्टर सुरू ठेवून दिवे लावतो, कुणी एकटी पुढे जात नाही. आता ठरलेली तोडणी आदल्या संध्याकाळी पुढे गेली, तर या बायकांचा रोज बुडतो. मुकादम टोळी दुसऱ्याच्या थॉमसनला पाठवतो, मग परत मिळेल तेव्हा. आम्ही निम्मा रोज द्यायचा प्रयत्न करतो. सगळे देतातच असं नाही, आणि ज्याचं स्वतःचंच वजन घटतंय तो कुठून देईल?

एका वर्षी तर असं झालं, की शिराझ ठरलेल्या साखरेला आली होती, आणि वायनरीकडून आणखी चार दिवस थांबायचा निरोप आला. तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस झाला. फार नाही, तासभर. पिकल्या द्राक्षाला तासभर पुरतो. मणी तडकले, दोन दिवसांत कूज लागली, माशा आणि गांधीलमाशा घोंगावायला लागल्या. आम्ही घडन्‌घड निवडून तोडला. काट्यावर गेल्यावर कूज म्हणून कपात लागली. करार माझ्या हातात होता. त्यात साखर किती हवी ते लिहिलं होतं, किती टक्के कूज चालेल ते लिहिलं होतं, कपात कशी करायची ते लिहिलं होतं. साखर आल्यावर माल किती दिवसांत उचलायचा, याबद्दल एक ओळ नव्हती. त्या वायनरीतल्या माणसांनी हळहळ व्यक्त केली, आणि ती खोटी नव्हती. पण हळहळीने औषधाच्या दुकानाची उधारी फिटत नाही.

राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क काढले. नंतर वाइन उद्योग प्रोत्साहन योजना आली. वाइनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के वायनरीला परत देण्याची तिच्यात तरतूद आहे. हे सगळं द्राक्ष उत्पादकाच्या नावाने झालं. जानेवारी 2022 मध्ये सुपर मार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही शेतकऱ्याचं हित हेच कारण पुढे केलं गेलं. मग विरोध झाला, उपोषणाचे इशारे झाले, चर्चा रंगल्या. बाटली कुठल्या फळीवर ठेवायची यावर राज्य महिनाभर भांडलं. द्राक्ष कुठल्या करारावर विकलं जातं, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आणि भाव? माझ्या शिराझला मिळालेला भाव शेजारच्या गावातल्या शिराझच्या तुलनेत कसा आहे, हे मला चहाच्या टपरीवर कळतं. तिथे खरं कुणी सांगत नाही. ज्याला जास्त मिळाला तो झाकतो, ज्याला कमी मिळाला तोही झाकतो.

कॅलिफोर्नियात हे झाकता येत नाही. तिथे 1970च्या दशकापासून कायदा आहे. द्राक्ष विकत घेणाऱ्या प्रत्येक वायनरीने किती टन घेतलं, कुठल्या जातीचं, कुठल्या भागातलं, किती साखरेचं आणि काय भावाने घेतलं, हे राज्याच्या कृषी खात्याला कळवायचं. खातं त्याचा अहवाल काढतं. पहिला अहवाल दरवर्षी 10 फेब्रुवारीला आणि पक्का अहवाल मार्चमध्ये. राज्याचे सतरा भाग पाडले आहेत, प्रत्येक भागात प्रत्येक जातीला कुठल्या भावाने किती टन गेलं ते छापून येतं. वायनरीचं नाव छापत नाहीत, त्यामुळे कुणाचं धंद्याचं गुपित फुटत नाही. पण शेतकरी करारावर सही करायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे आकडे असतात. तिथे काही करार टनावर न होता एकरावरही होतात, म्हणजे वायनरीने माल कमी धरायला सांगितला, उशिरा तोडायला सांगितला, तरी बागायतदाराचे पैसे ठरलेले.

आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी दाखवेन, दोन्ही आपल्याच. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षात कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने 2006 मध्ये ग्रेपनेट सुरू केलं. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, प्रत्येक तपासणीची नोंद, आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग. गावोगावच्या शेतकऱ्यांनी हे शिकून घेतलं, कारण गिऱ्हाईक युरोपातलं होतं आणि ते कागद मागत होतं. दुसरी गोष्ट आमच्या तालुक्यातल्या वाघाड धरणाची. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने ओझरला 1990च्या सुमारास पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे वाघाड धरणाचं सगळं लाभक्षेत्र शेतकऱ्यांच्या संस्थांनी चालवायला घेतलं. तिथे पाणी मोजून घेतात आणि मोजूनच पुढे देतात. वरच्याने किती घेतलं हे खालच्याला कळतं, म्हणून भांडणं मिटली. आमच्याच तालुक्याच्या पाण्यावर जे साधलं, ते आमच्या द्राक्षावर साधायला काय हरकत आहे?

व्हॅटचा परतावा जनतेच्या पैशातून जातो. तो घेणाऱ्या वायनरीने खरेदीचा तपशील कृषी खात्याला द्यावा, ही अट घालायला नवा कायदाही लागू नये. जात, तालुका, टन, साखर, भाव, आणि पैसे कधी चुकते केले ती तारीख. आमचा हंगाम मार्चअखेर संपतो. जूनअखेर अहवाल निघाला, तर सप्टेंबरच्या गोडी छाटणीआधी होणाऱ्या करारांच्या वेळी तो दोन्ही बाजूंच्या हातात असेल.

करारात काय हवं, तेही सांगते. मण्यांचा नमुना दोघांच्या समोर घ्यावा, निम्मा रस बाटलीत सीलबंद करून शेतकऱ्याकडे ठेवावा. ठरलेली साखर आली की तीन दिवसांत माल उचलावा. त्यानंतर वायनरी ज्या कारणाने थांबवेल, मग ते चवीचं असो की टाकीचं, त्या दिवसापासूनची वजनाची घट आणि पावसाची जोखीम वायनरीची. आणि तोडणी आदल्या दिवशी दुपारनंतर रद्द झाली, तर टोळीचा रोज वायनरीने भरावा. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे, कारण त्या बायकांचा ना करारावर अंगठा असतो, ना त्यांना कुणी विचारतं.

वायनरीवाले म्हणतात, छोट्या वायनरीला हे पेलणार नाही. 2009-10 च्या मंदीत वाइन पडून राहिली, वायनऱ्या अडचणीत आल्या, शेतकऱ्यांचे पैसे थकले. तो काळ आम्हीही सोसला आहे. कित्येकांनी तेव्हा वाइनच्या बागा उपटल्या, काहींनी उभ्या खुंटांवर खायच्या द्राक्षाची कलमं भरली. त्या वेळी ज्यांनी बागा मोडल्या, ते परत वाइनकडे आले नाहीत. मग चांगल्या द्राक्षासाठी वायनऱ्याच वणवण फिरल्या. शेतकऱ्यावर जोखीम ढकलून छोटी वायनरी जगत नाही, तिचं मरण फक्त दोन वर्षं पुढे जातं. आणि हवामान आता असं झालंय की थांबण्याची किंमत दरवर्षी वाढतेय. 2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायला ऊन लागतं, तेव्हा आभाळ भरलेलं होतं. ज्या बागेत घडच कमी आहेत, तिथे सुकवून वजन घटवायला सांगणं म्हणजे दुहेरी मार आहे.

दुसरा आक्षेप असा, की कॅलिफोर्नियासारखे एकरावर पैसे दिले तर शेतकरी ढिला पडेल. ज्या माणसांनी रात्री दोनला उठून थंडीत बागेत शेकोट्या पेटवल्या आहेत आणि भुरी रोगाच्या एका ठिपक्यासाठी कंदील घेऊन ओळी धुंडाळल्या आहेत, त्यांच्याबद्दल हे बोलणं मला लागतं. तरीही शंका असेल तर प्रतवारी लावा. साखर, आंबटपणा, रंग, कूज, सगळं मोजा आणि चांगल्याला जास्त द्या. मोजायला आमची ना नाही.

यंदाचा करार ऑगस्टमध्ये येईल. आमच्या शिवारातल्या वाइनवाल्या घरांशी मी बोलले आहे. उचल किती दिवसांत आणि त्यानंतरची घट कुणाची, हे लिहिल्याशिवाय सही करायची नाही, एवढं आमचं ठरलं आहे. दोन घरं अजून कचरतात. त्यांची सगळी जमीन वाइनखाली आहे, त्यांचं भय मला समजतं. त्यांच्यासाठी तरी सरकारने तो अहवाल काढावा, म्हणजे आकड्यांच्या आधाराने त्यांना बोलता येईल.